डोकं लागत नाही म्हणे!

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत ओपन सोर्सवर, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही बघता आणि सुधारता येतो अशा सॉफ्टवेअरवर, लेख आला होता तो वाचला. लेख चांगला होता, नव्या पोरापोरींना या सगळ्याची ओळख कोणीतरी मराठीत करून देतंय हे बरंच आहे. पण त्यातलं एक वाक्य काही केल्या घशाखाली उतरेना म्हणून लिहितोय. वाक्य साधारण असं होतं की सुरुवात करायची असेल तर एखाद्या सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनमधल्या, म्हणजे ते कसं वापरायचं हे सांगणाऱ्या पानांमधल्या, स्पेलिंगच्या चुका दुरुस्त करून पाठवा, त्याला काही डोकं लागत नाही. यातला पहिला भाग शंभर टक्के मान्य, सुरुवात तिथूनच करावी. भांडण आहे ते दुसऱ्या भागाशी. पत्र लांबलंय, कात्री लावायचा अधिकार तुम्हाला आहेच, फक्त खालचा सेटिंगवाला भाग कापू नका एवढं बघा.

मी कामासाठी स्ट्रीम प्रोसेसिंगच्या लायब्रऱ्या (आपल्या प्रोग्रामला जोडायचे तयार कोडचे संच) वापरतो आणि वापरता वापरता त्यांच्या डॉक्समध्ये, म्हणजे डॉक्युमेंटेशनमध्ये, जे चुकलेलं दिसतं ते दुरुस्त करून पाठवत असतो. ज्यांचा या प्रकाराशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नेहमीचा डेटा म्हणजे एक फाइल किंवा एक टेबल, त्याला सुरुवात असते, शेवट असतो, पूर्ण वाचायचा आणि बेरीज काढून मोकळं व्हायचं. स्ट्रीमला शेवटच नसतो, रेकॉर्ड येतच राहतात, काही उशिरा येतात, काही मागचे पुढे आणि पुढचे मागे असे येतात, आणि तरीही दर पाच मिनिटांची बेरीज बरोबर यायला हवी असते, मधेच मशीन बंद पडलं तरी. हा सगळा व्याप सांभाळणारी ती स्ट्रीम प्रोसेसिंगची लायब्ररी. काफ्का स्ट्रीम्स हे त्यातलं एक नाव. काफ्का म्हणजे असे रेकॉर्ड साठवून इकडून तिकडे पोचवणारी यंत्रणा, ती लिंक्डइनमध्ये तयार झाली, २०११ मध्ये ओपन सोर्स झाली आणि तिच्यावर बसणारी ही स्ट्रीम्स लायब्ररी २०१६ मध्ये आली. फ्लिंक हे दुसरं नाव, त्याची मुळं बर्लिनमधल्या विद्यापीठांच्या संशोधनात आहेत.

आता अशा लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन आणि एखाद्या मोबाइल ॲपचं मदत पान यात फरक काय, तर ॲपमध्ये बटण कुठंय ते चुकीचं लिहिलं असलं तरी माणूस शोधून काढतो, डोळ्यासमोरच असतं ते. इथे डोळ्यासमोर काहीच नसतं. मशीन मधेच पडलं तर अर्धवट राहिलेल्या रेकॉर्डचं काय होणार हे तुम्हाला प्रोग्राम चालवून सहजासहजी कळत नाही, कारण नेहमीच्या दिवशी तो नीटच चालतो. मग माणूस डॉक्सवर विश्वास ठेवतो, दुसरा इलाजच नसतो. आणि डॉक्समधलं उदाहरण तो वाचत नाही, कॉपी करतो. मी पण करतो, सगळेच करतात.

तर ते सेटिंगचं उदाहरण. काफ्का स्ट्रीम्समध्ये एक सेटिंग आहे, प्रोसेसिंग डॉट गॅरंटी नावाची. एखादा रेकॉर्ड निदान एकदा तरी हिशोबात धरला जाईल एवढीच हमी हवी, की बरोबर एकदाच धरला जाईल अशी पक्की हमी हवी, हे त्या सेटिंगने ठरतं. काहीच सांगितलं नाही तर पहिली, म्हणजे ढिली हमी मिळते. आता गॅरंटी या इंग्रजी शब्दात जी नंतर आधी यू येतो मग ए येतो, आणि भल्याभल्यांच्या हातून ही अदलाबदल होते, टायपो करायला याच्यापेक्षा सोपा शब्द शोधून सापडणार नाही. समजा एखाद्या डॉक्युमेंटेशनच्या पानावरच्या उदाहरणात असं ए आधी आणि यू नंतर पडलं. वाचणाऱ्याने ती ओळ उचलली आणि आपल्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग्जच्या फाइलमध्ये, डकवली. काय होईल?

काहीच होणार नाही! तिथेच तर सगळी गोची आहे. काफ्काला अनोळखी नावाची सेटिंग दिली तर ती थांबत नाही, आणि हा काही आळशीपणा नाही, त्यामागे कारण आहे, तुम्ही स्वतःचे लिहिलेले छोटे भाग तिला जोडू शकता आणि त्या भागांच्या स्वतःच्या सेटिंग्ज याच फाइलमधून त्यांच्यापर्यंत पोचवल्या जातात, त्यामुळे ओळखीचं नाव नाही म्हणजे चूकच असं तिला म्हणता येत नाही. फार तर लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्राम चालताना जी नोंदवही लिहितो तिच्यात, एक ओळ पडते की ही सेटिंग दिलीय पण कोणी वापरत नाहीये, आणि सुरू होताना लॉगमध्ये ज्या शेकड्यांनी ओळी भसाभसा पडतात त्यात ती कोण वाचतंय. प्रोग्राम सुरू होतो, टेस्ट पास होतात, सगळे खुश. ढिल्या हमीत कमिट, म्हणजे इथपर्यंतचं काम झालं अशी नोंद, डिफॉल्टने दर ३० सेकंदांनी होतं, पक्क्या हमीत १०० मिलिसेकंदांनी. म्हणजे कधीतरी मशीन मधेच पडलं की शेवटच्या कमिटनंतरचे सगळे रेकॉर्ड, अगदी जवळजवळ अर्ध्या मिनिटाचे, परत वाचले जाणार आणि बेरजेत दोनदा धरले जाणार. ज्याने फाइल लिहिली तो शपथेवर सांगेल की मी पक्की हमी लावलीय, फाइल उघडून दाखवेल, आणि दाखवलेल्या ओळीत यू आणि ए कुठे आहेत हे चारचौघं बघूनही कोणाच्या लक्षात येणार नाही कारण डोळा असे शब्द अक्षरं लावून वाचतच नाही.

आणि याच्या उलट बघा. तीच चूक सेटिंगच्या नावात न होता तिच्या व्हॅल्यूत झाली असती तर लायब्ररी सुरूच झाली नसती, ही व्हॅल्यू मला मान्य नाही म्हणून तोंडावर सांगितलं असतं आणि दोन मिनिटांत दुरुस्त झालं असतं. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे टायपो पडला तर महिनोन्‌महिने लपून राहणार आणि उजवीकडे पडला तर लगेच सापडणार, आता हे ज्याला माहितीय तो दुरुस्ती करणारा डावीकडच्या चुका आधी शोधेल की नाही? आणि त्याहून पुढे जाऊन तो असंही सुचवेल की बाबांनो जावा भाषेतल्या उदाहरणात हे नाव हाताने टाइप करून दाखवूच नका, लायब्ररीने त्यासाठी कॉन्स्टंट, म्हणजे कोडमध्येच ठरवून दिलेलं नाव, दिलाय तो वापरा, म्हणजे चुकलं तर कोड चालवण्याआधी तपासणारा कंपायलरच पकडेल. याला डोकं लागत नाही म्हणता?

बरं, या सगळ्या चुका स्पेलचेकर पकडेल असं कोणी म्हणेल. पकडतो की, पण कुठल्या. स्पेलचेकरला चूक कळते ती शब्द अस्तित्वातच नसला तर. आणि स्ट्रीम प्रोसेसिंगचं नशीब असं की तिचे बरेच रोजचे शब्द एक अक्षर इकडचं तिकडे झालं की दुसरा अगदी खराखुरा इंग्रजी शब्द होऊन बसतात. स्ट्रीममधला आर गळला की स्टीम, म्हणजे वाफ. स्टेटमधला एक टी गळला की सेट, एस-ए-टी-ई, तोही शब्द आहे, पोटभर खायला घालणे असा काहीसा अर्थ. विंडोमधला एन गळला की विडो. या लायब्रऱ्यांत टम्ब्लिंग विंडो नावाचा प्रकार असतो, वेळेचे एकमेकांवर न चढणारे सारखे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याची वेगळी बेरीज करायची, आणि त्यातला एन गेला की कोणी बिचारी विधवा कोलांट्या खात चाललीय असं वाक्य तयार होतं आणि स्पेलचेकर त्याला हिरवा कंदील दाखवतो. फ्रॉमचं फॉर्म होतं, कॉझलचं कॅज्युअल होतं. हे निदान हसण्यावारी जाणारे.

न हसण्यासारखं म्हणजे नाऊ आणि नॉट. तीन अक्षरी दोन शब्द, शेवटचंच अक्षर काय ते वेगळं. ऑफसेट म्हणजे कुठपर्यंतचे रेकॉर्ड वाचले त्याचा क्रमांक. ऑफसेट आता कमिट झालेला आहे आणि ऑफसेट कमिट झालेला नाही, ही दोन वाक्यं इंग्रजीत एका अक्षराने वेगळी आहेत, आणि दोन्ही व्याकरणात चोख, दोन्ही वाचायला सहज, त्यातलं कुठलं खरं हे फक्त ज्याला लायब्ररीचं वागणं माहितीय त्यालाच कळणार किंवा जो कोड उघडून बघण्याची तसदी घेईल त्याला. तेच लूज या शब्दाचं, एक ओ असला की गमावणे आणि दोन ओ असले की सैल. उशिरा आलेले रेकॉर्ड तुम्ही गमवाल असं सांगायचंय आणि लिहिलंय दोन ओ. ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे तो हसून पुढे जातो कारण त्याला वाक्य कानाने कळतं. आपल्यासारखा, ज्याने इंग्रजी पुस्तकातून शिकली, तो थांबतो, त्याला वाटतं हा काहीतरी तांत्रिक शब्द असेल, सैल रेकॉर्ड म्हणजे काय प्रकार असतो बुवा, आणि शोधत बसतो. या लायब्रऱ्यांची डॉक्स वाचणाऱ्यांत इंग्रजी दुसरी तिसरी भाषा असलेले लोक जगभर पसरलेत आणि लेखक मंडळी हे कायम विसरतात. फ्लिंकच्या डॉक्सची चिनी आवृत्ती पण सांभाळली जाते, म्हणजे मूळ इंग्रजीत नाऊचं नॉट झालेलं असेल तर ते भाषांतर करणाऱ्याच्याही माथी बसणार, आणि नंतर इंग्रजी सुधारलं तरी चिनी पान जाऊन कोणी सुधारेलच असं नाही.

आकडे तर विचारूच नका. ३०००० मधलं एक शून्य गळलं तर कुठला स्पेलचेकर सांगणार आहे.

टूलवर माझा राग नाहीये हां, मी स्वतः वापरतो. पण टूल काय करतं ते माहिती हवं. लिबरऑफिस आणि फायरफॉक्समध्ये असतो तो हनस्पेल शब्दकोश धरून चालतो, त्यात नसलेला प्रत्येक शब्द त्याला चूक. त्याच्यासमोर असल्या लायब्ररीचं पान ठेवलं तर वॉटरमार्क सोडून देईल पण आयडेम्पोटंट, बॅकप्रेशर, डीसीरियलायझर असल्यांच्या खाली लाल रेघाच रेघा, आणि शंभर रेघांत खऱ्या चार चुका हरवून जातात. म्हणून कोडच्या जगात कोडस्पेल नावाचं टूल जास्त चालतं, ते उलटं काम करतं, त्याच्याकडे नेहमी होणाऱ्या चुकांचीच यादी आहे, रिसीव्हमध्ये ई-आयच्या जागी आय-ई, सेपरेटमध्ये मधल्या ए ऐवजी ई, ऑकर्डमध्ये एकच आर, असल्या, आणि त्या यादीतलं काही दिसलं तरच ते बोलतं. ही यादी सुरुवातीला विकिपीडियावरच्या नेहमीच्या चुकांच्या यादीवरून घेतलेली. खूप शांत टूल आहे, आवडतं मला. पण त्यालाही टी-ई असं कोणी व्हेरिएबलचं नाव ठेवलं तर ते द लिहिताना एच राहिलाय असं वाटतं, आणि त्याला फाइलमध्ये परस्पर बदल करायची परवानगी देणारा एक पर्याय आहे, तो लावून नवखा माणूस अख्ख्या रेपोवर, म्हणजे प्रोजेक्टच्या सगळ्या फाइलींच्या साठ्यावर, ते फिरवतो, चाळीस फाइली बदलतात, त्यात कुठे टेस्टमध्ये मुद्दाम चुकीचं लिहिलेलं इनपुट असतं तेही सुधारलं जातं आणि टेस्ट फुटते. मुद्दाम चुकीचं कशाला लिहिलं होतं, तर चुकीचं इनपुट आल्यावर एरर येते का हेच तपासायचं होतं! एका प्रोजेक्टमध्ये, नाव नको, मी हे डोळ्यांनी बघितलंय आणि वर तो गडी विचारत होता की स्पेलिंग सुधारलं तर टेस्ट का फुटली, तुमची टेस्टच चुकीची दिसतेय.

अजून एक भानगड म्हणजे चूक दिसते तिथे ती राहत असेलच असं नाही. काफ्काच्या वेबसाइटवर सेटिंग्जचे जे लांबच लांब तक्ते दिसतात ना, ते कोणी हाताने लिहीत नाही, ते जावाच्या कोडमध्ये प्रत्येक सेटिंगशेजारी जे वर्णन लिहिलेलं असतं त्यातून आपोआप तयार होतात. फ्लिंकमध्येही तसंच. म्हणजे तयार झालेल्या पानात तुम्ही स्पेलिंग सुधारलं, मर्जही झालं, म्हणजे प्रोजेक्टने तो बदल आत घेतला, तर पुढच्या वेळी ते पान परत तयार झालं की चूक पुन्हा हजर. सुधारायचं ते कोडमधल्या त्या वर्णनात. मग कोडला हात लावला म्हणून सगळ्या टेस्ट पळणार, त्यातली एखादी भलत्याच कारणाने लाल होणार, आणि तुम्ही बघत बसणार की बाबा मी तर फक्त एक आर वाढवलाय. शिवाय काफ्काची प्रत्येक आवृत्तीची डॉक्स वेगळी ठेवलेली असतात आणि वेबसाइटचा रेपोही वेगळा आहे, त्यामुळे आज मुख्य शाखेत सुधारलेलं स्पेलिंग तुम्ही चूक वाचली होती त्या पानावर दिसेलच असं नाही, ते पुढच्या रिलीजच्या पानावर दिसेल. बरेच जण इथे चिडतात, माझं मर्ज झालं तरी चूक दिसतेच आहे म्हणून. हे आधी कोणी सांगत नाही आणि तुमच्या लेखातही नव्हतं.

हेडिंगमधल्या चुकांबद्दल वेगळं लिहितो कारण ते सगळ्यात जास्त फसवं आहे. डॉक्सच्या बऱ्याच सिस्टिममध्ये हेडिंगच्या शब्दांवरूनच त्या परिच्छेदाची लिंक तयार होते. हेडिंगमध्ये सेपरेट चुकीचं लिहिलं असेल तर लिंकमध्येही ते चुकीचंच असतं आणि बाकीची पानं, लोकांच्या नोंदी, जुनी उत्तरं, सगळी त्या चुकीच्या लिंकवर टेकलेली असतात. तुम्ही हेडिंग सुधारलं की लिंक बदलली, जुनी लिंक दाबणारा पानाच्या वरच्या टोकाला जाऊन पडतो आणि त्याला वाटतं तो परिच्छेदच काढून टाकला. म्हणजे हेडिंग सुधारायचं तर आधी रेपोभर त्या लिंकचा शोध घ्यायचा, त्या सगळ्या बदलायच्या आणि जुनं नाव पण जिवंत ठेवता आलं तर ठेवायचं. सुधारू नका असं म्हणत नाहीये मी, उलट हेडिंगमधली चूक जास्त नडते कारण शोधणारा माणूस बरोबर स्पेलिंगने शोधतो आणि त्याला ते पान सापडतच नाही. पण काम एका अक्षराचं नाही एवढं खरं.

चूक एकदा घट्ट बसली की काय होतं त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण वेबवरच आहे. तुम्ही एका पानावरून लिंक दाबून दुसऱ्या पानावर जाता तेव्हा कुठून आलात हे सांगणारा एक हेडर, म्हणजे विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ, ब्राउझर पाठवतो, रेफरर. त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधे दोन आर हवेत, पण प्रस्तावातच एक आर राहिला आणि १९९६ च्या एचटीटीपीच्या (ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात ते) आरएफसी १९४५ या अधिकृत दस्तऐवजात तसाच छापला गेला. त्या काळच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्पेलचेकरला म्हणे बरोबर आणि चूक दोन्ही स्पेलिंग ओळखीची नव्हती, म्हणजे टूलवर भरवसा ठेवण्याची कथा तेव्हापासूनची आहे. लक्षात आलं तोपर्यंत जगभरच्या सर्व्हर आणि ब्राउझरमध्ये एकच आर पोचला होता. आता गंमत अशी की जावास्क्रिप्टमध्ये हीच माहिती विचारायची तर दोन आर, नंतर आलेल्या रेफरर पॉलिसी नावाच्या हेडरमध्येही दोन आर, आणि मूळ हेडरमध्ये २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये सुद्धा एकच आर. वेब प्रोग्रामिंग शिकणाऱ्या प्रत्येक पिढीने कुठे एक आणि कुठे दोन हे पाठ करायचं. प्रस्ताव वाचणाऱ्यातल्या कोणी त्या दिवशी एक आर वाढवला असता तर त्यालाही डोकं न लागणारं कामच म्हटलं असतं लोकांनी.

आता दुसरी बाजू पण मांडतो, कारण मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या, लोकांचं रडगाणं मला माहिती आहे आणि ते खोटं नाही. हॅकटोबरफेस्ट म्हणून २०१४ पासून एक उपक्रम चालतो, ऑक्टोबर महिन्यात ठराविक पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल आत घ्या अशा विनंत्या, पाठवल्या की तेव्हा टीशर्ट मिळायचा. हेतू चांगलाच होता. पण २०२० मध्ये इतका कचरा आला, रीडमीमध्ये, म्हणजे प्रोजेक्टची ओळख सांगणाऱ्या फाइलमध्ये, उगाच एक विशेषण घाल, पूर्णविराम हलव, असल्या पुल रिक्वेस्टचा, की महिना सुरू झाल्या झाल्या आयोजकांना नियम बदलावा लागला आणि जे प्रोजेक्ट स्वतःहून भाग घेतील तिथलंच मोजायचं असं ठरलं. पाठवणाऱ्याला अर्धा मिनिट लागतं आणि तपासणाऱ्याला पाच मिनिटं, आणि तपासणारा हा बहुतेक वेळा रात्री स्वतःचा वेळ घालवून बसलेला असतो. डोकं लागत नाही असं सांगून आपण पोरांना पाठवलं की ती डोकं न लावताच जातात, आणि मग मेंटेनर सगळ्याच स्पेलिंगवाल्या पुल रिक्वेस्टकडे संशयाने बघायला लागतो, त्यात चांगल्या पण भरडल्या जातात. तुमच्या लेखातल्या त्या वाक्यावर मला एवढं लिहावंसं का वाटलं त्याचं खरं कारण हे आहे.

आणि हल्ली त्यात एआयची भर. पान दिलं की ते स्पेलिंग सुधारून देतं, ठीक आहे, पण जाता जाता वाक्यही गुळगुळीत करतं. मूळ वाक्यात लिहिलेलं असतं की अमुक केलंत तर रेकॉर्डचा क्रम एका पार्टिशनच्या आत टिकतो (पार्टिशन म्हणजे रेकॉर्ड ज्या वेगवेगळ्या रांगांत वाटलेले असतात त्यातली एक), सुधारलेल्या वाक्यात एका पार्टिशनच्या आत हे तीन शब्द अडगळ म्हणून गेलेले असतात आणि उरतं की क्रम टिकतो. इंग्रजी सुंदर, माहिती साफ चुकीची, कारण दोन पार्टिशनमधल्या रेकॉर्डच्या आपसातल्या क्रमाची हमी काफ्का कधीच देत नाही. तपासणाऱ्याने फरक नीट वाचला तर वाचला, नाहीतर गेलं ते पुढे.

मग करायचं कसं, तर पान वाचायचं. म्हणजे वापरण्यासाठी वाचायचं, चुका शोधायला नाही, उदाहरण खरोखर चालवून बघायचं, अडखळलो तिथे थांबायचं. अशा वाचनात सापडलेल्या चुका जास्त कामाच्या असतात, टूलने काढलेल्या ढीगभर चुकांपेक्षा. पाठवताना एका पानाचं किंवा एका विषयाचं एकत्र पाठवावं, एकेका अक्षराची वेगळी पुल रिक्वेस्ट नको आणि चाळीस फाइलींची मोळी पण नको. स्पेलिंग सुधारताना ओळींची मांडणी बदलू नये, एडिटर आपोआप ओळी मोडतो ते बंद ठेवावं, नाहीतर एका अक्षराच्या फरकासाठी तपासणाऱ्याला अख्खा परिच्छेद लाल हिरवा दिसतो. सीरियलाइझ हा शब्द एस ने की झेड ने असल्या वादात पडू नये, ब्रिटिश अमेरिकन दोन्ही बरोबर आहेत, प्रोजेक्ट जे वापरतो ते चालू द्यावं. आणि प्रोजेक्टची रीत वाचावी. काफ्कामध्ये असल्या किरकोळ बदलाला वेगळं तिकीट, म्हणजे कामाची नोंद, काढावं लागत नाही, शीर्षकात सुरुवातीला मायनर लिहायचं, फ्लिंकमध्ये तशीच सोय हॉटफिक्स या नावाने आहे. म्हणजे बघा, एवढे मोठे प्रोजेक्ट आणि त्यांनी या कामासाठी दार मुद्दाम उघडं ठेवलंय. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ तर आपल्या पुस्तकांतली चूक शोधून देणाऱ्याला २.५६ डॉलरचा चेक पाठवायचे, छपाईच्या चुकीला सुद्धा, २५६ सेंट म्हणजे हेक्साडेसिमलमधला, दहाऐवजी सोळाच्या पायावर मोजायच्या पद्धतीतला, एक डॉलर असा त्यांचा हिशोब. बहुतेक लोक ते चेक वटवायचे नाहीत, फ्रेम करून ठेवायचे.

मेंटेनर मंडळींकडूनही थोडं अपेक्षित आहे. कोडस्पेलसारखं टूल स्वतःच तपासणीत लावून टाका, आपल्या खास शब्दांची यादी करून त्याला द्या, म्हणजे रिसीव्ह सेपरेटवाल्या चुका मुळात आतच येणार नाहीत आणि बाहेरच्या माणसाचा वेळ नाऊ आणि नॉटसारख्या चुकांवर जाईल. आणि कोणी चांगली दुरुस्ती पाठवली तर ती सहा सहा महिने पडून ठेवू नका, एवढ्याशा कामाचं उत्तर सुद्धा येत नाही म्हटल्यावर तो माणूस परत कशाला येईल.

शेवटची एक गोष्ट, सार्वजनिक नावांची. युनिक्समध्ये फाइल तयार करायच्या फंक्शनच्या नावात शेवटचा ई नाही, क्रीएट असं वाचायचं आणि ई शिवाय लिहायचं. युनिक्स परत करायला मिळालं तर काय बदलाल असं युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या केन थॉम्पसन यांना विचारलं तेव्हा त्यांनी हाच ई घालेन म्हणून सांगितल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. पण ते फंक्शन आजही तसंच आहे कारण त्यावर उभे असलेले प्रोग्राम मोडून चालणार नाहीत. लायब्ररीत एखाद्या मेथडचं किंवा सेटिंगचं नावच चुकीच्या स्पेलिंगने बाहेर पडलं असेल तर डॉक्समध्येही ते चुकीचंच लिहावं लागतं, तिथे ते सुधारणं हीच चूक, कारण सुधारलेलं नाव कोडमध्ये अस्तित्वातच नाही. खरंच बदलायचं असेल तर बरोबर नाव नवीन घालायचं, जुनं काही आवृत्त्या बाद होणार म्हणून शिक्का मारून चालू ठेवायचं आणि मग काढायचं, आणि तो निर्णय मेंटेनरचा, स्पेलिंगवाल्याचा नाही. तोपर्यंत निदान त्या ओळीशेजारी एक कमेंट टाकून ठेवा की हे नाव मुद्दाम असंच ठेवलंय, सुधारू नये. नाहीतर दर काही दिवसांनी कोणीतरी नवीन उत्साही माणूस ते सुधारून पाठवणार, कोणीतरी ते बंद करणार, आणि दोघंही एकमेकांवर चिडणार.

कळावे,
आपला एक नियमित वाचक